राखेतला खुबा

मी एक जुना खुबा आहे, मित्रांनो. जळून न गेलेला.

जिच्या मांडीत मी राहत होतो, ती जळाली. तिची बोटं जळाली, केस जळाले, भरलेल्या एसटीत मागच्या बाकापर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज जळाला. मी तेवढा उरलो. तिसऱ्या दिवशी झरीच्या स्मशानात माणसं अस्थी वेचायला आली. कुणीतरी तांब्यानं पाणी शिंपडलं, राख खाली बसली आणि मी वर आलो. आगीत जायच्या आधी मी चंदेरी होतो. आता निळसर, करडा झालो होतो. एका म्हाताऱ्यानं मला काठीच्या टोकानं ढोसलं आणि म्हणाला, "ह्ये लोखंड कशाचं हाय? फेका तिकडं बाभळीत."

मी लोखंड नव्हतो. आणि त्या राखेत मी एकटाही नव्हतो. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

शाळेत तुम्ही छत्रीचं, फाटक्या पुस्तकाचं, शाळेच्या घंटेचं आत्मवृत्त लिहिलं असेल. शेवटी ती बिचारी म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपायची गरजच नाही. मी गंजत नाही, सहजासहजी मोडत नाही, सरणावरही जळत नाही. जपायचं होतं ते माणूस. ते कुणी जपलं नाही आणि वर फुलं वाहिली. म्हणून माझी गोष्ट गोड नाही. मी धातूचा आहे, मला कुणाची भीड नाही.

माझं नाव टायटॅनियम. माझा जन्म वाळूतला, समुद्रकाठच्या काळ्या जड वाळूतला. तिला भाजून, गाळून माझा धातू काढला आणि कारखान्यात मला पाचरीचा आकार दिला. वर रुंद, खाली निमुळता. मग माझ्या अंगावर धातूचीच तापलेली भुकटी फवारली. मी खरखरीत झालो, बारीक बारीक छिद्रांनी भरून गेलो. तुम्हाला गुळगुळीत वस्तू आवडतात. हाडाला आवडत नाहीत. गुळगुळीत भिंतीवर वेल चढत नाही, तसं आहे ते. शेवटी माझ्यावर एक पांढरा लेप दिला, हाडात जो क्षार असतो त्याचाच. म्हणजे हाडानं मला हात लावला की त्याला घरचंच काहीतरी लागावं.

मला दांडा म्हणतात. मी मांडीच्या हाडात बसतो, माझ्या टोकावर एक गोळा बसतो, आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. आम्ही सगळे मिळून खुबा. पण आमच्यात लांब मी, म्हणून नाव मला.

आमच्यात दोन प्रकार असतात. म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ झालं असेल तर डॉक्टर एक खास सिमेंट कालवतात आणि दांडा त्यात रोवतात. चहा निवायच्या आत तो घट्ट होतो. वय कमी असेल तर बहुतेक वेळा तसं करत नाहीत, कारण पुढच्या सगळ्या चालण्यानं सिमेंट तडकू शकतं. मी बिनसिमेंटचा. मला कुणी चिकटवत नाही. मला हाडानं धरावं लागतं, स्वतःहून. न धरलं तर मी आयुष्यभर परका.

आता जिच्यात मी गेलो, ती.

तिचं नाव सुकेशनी. माहेर चुडाव्याचं. बाप रेल्वेत गँगमन होता, दिवसभर रुळांवर घण मारायचा आणि संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा. लेकीनं त्याचा आवाज घेतला. लग्न होऊन ती झरीला आली आणि एसटीत कंडक्टर झाली. परभणी ते जिंतूर. त्या रस्त्यावर इतके खड्डे की गाडी कमी आणि होडी जास्त. ती त्या होडीत उभी राहून तिकिटं फाडायची, पुढं मशिन आलं तर मशिनवर काढायची, शाळेच्या पोरींना दारातून आत ओढायची, दारूड्यांना खाली उतरवायची. दोरी ओढून दोनदा घंटी दिली की गाडी निघायची. टण टण. तिच्या ड्रायव्हरचं नाव माणिकराव. तो म्हणायचा, "ताई, तुमच्या घंटीला आमचा पाय आपसूक क्लचवर जातोय बगा. घरी देवळातली घंटी वाजली तरी पाय हालतोय."

उभं राहून राहून तिची कंबर धरायची. तेव्हा आठवडी बाजारात चटईवर बसणाऱ्या एका माणसानं तिला पुडी दिली. "जडीबुटी हाय बाई, शंभर टक्के झाडपाला." पुडी खाल्ली की दुपारपर्यंत दुखणं गायब. कुणाला आवडणार नाही? ती खात राहिली. अर्धी गाडी तीच पुडी खायची, म्हणून तिलाही ती खरीच वाटली.

त्या पुडीत झाडपाल्याबरोबर स्टेरॉइड कालवलेलं होतं. हे त्या विकणाऱ्याला माहीत होतं. मी त्याला अडाणी म्हणणार नाही. अडाण्याला माफ करता येतं. त्या औषधानं तिच्या खुब्याच्या गोळ्याला जाणारं रक्त हळूहळू आटवलं. माणूस जिवंत आणि त्याच्या आत हाडाचा एक गोळा मेलेला. ती मेलेला गोळा घेऊन जिंतूर रोडवर उभी राहत होती. एक दिवस तो आतल्या आत ढासळला आणि ती गाडीच्या पायरीवरच खाली बसली.

ज्येष्ठातल्या एका सकाळी परभणीच्या दवाखान्यात मला डब्यातून काढलं. माझ्या आधी त्यांनी तो गोळा काढला. मी त्याला पाहिलं. पिवळट, एका बाजूनं चेपलेला, चुरगळलेल्या पिंगपाँगच्या चेंडूसारखा. जन्मापासून तो तिच्याबरोबर होता. चुडाव्याच्या रुळाकडेनं ती बापाचा डबा घेऊन पळायची, तेव्हा तो फिरत होता. त्याला दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं. पिशवी बांधली. त्याच्या जागेवर मला ठोकून बसवलं.

ठोके मला आठवतात. डॉक्टर नागेश हातोडी मारत होते आणि कान देऊन ऐकत होते. दांडा सैल असेल तोवर आवाज पोकळ येतो. नीट बसला की आवाज बदलतो, घट्ट होतो. माझा आवाज बदलला. ते थांबले. मी मुद्दाम पोकळीहून केसभर मोठा केलेला असतो, म्हणजे हाडानं मला आवळून धरावं. पण आवळणं वेगळं आणि धरणं वेगळं.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "सर, गाडीवर कवा जाऊ?"

खाटेशेजारी तिचा नवरा धम्मदीप होता आणि मुलगी संघप्रिया. बाप परभणीत मोटारी दुरुस्त करायचा, मुलगी कॉलेजात शिकायची. डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे होते. ते म्हणाले, "आंब्याचं कलम बघितलंय का? खुंटाला फांदी बांधतो. कापलेलं कापलेल्याला टेकवून. मग काय करतो?"

"वाट बघतो," धम्मदीप म्हणाला.

"रोज सुतळी सोडून बघतो का, जुळलं का म्हणून?"

"मग जुळंल कसं?"

"तेवढंच. आत कलम बांधलंय. दिवाळीपर्यंत वॉकरवर चालायचं, मी सांगतो तेवढंच वजन टाकायचं. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर स्वप्नातबी नाही. हाडानं नीट धरलं तर परत गाडीवर. नाही धरलं तर गाडी विसरा."

सगळी गोष्ट एवढीच आहे, मित्रांनो. हाड मला धरतं की नाही. धरलं तर घंटीची दोरी तिच्या हातात, नाही तर नाही.

मग त्या यायला लागल्या.

तुम्हाला अंधार माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. हाडाच्या आतला अंधार तुम्हाला माहीत नाही. तिथं आधी रक्त आलं आणि माझ्याभोवती साकळलं. त्या साकळलेल्या रक्तातून बारीक बारीक पेशी सरपटत आल्या. त्या माझ्या अंगावर चढायच्या, छिद्रांत शिरायच्या, चाचपायच्या. हाड परक्याला ओळखतं. दुसरं काही घातलं असतं तर त्यानं त्याच्याभोवती भिंत बांधली असती आणि त्याला एकटं पाडलं असतं. माझ्या अंगावर मात्र हवा लागताच एक पातळ साय धरते, डोळ्यांना न दिसणारी. त्या सायीमुळं हाडाला माझा राग येत नाही. तरी मला वाटायचं, त्या चाचपणाऱ्या पेशी मला शोधत नाहीत. त्या त्याला शोधतायत, पिवळ्या पिशवीतल्याला. मी त्याच्या जागेवर बसलेला. त्यांनी विचारलं असतं, तो कुठाय, तर मी काय सांगणार होतो?

पण त्यांनी विचारलं नाही. त्या कामाला लागल्या. छिद्रांत शिरून त्यांनी हाडाचे धागे विणायला घेतले. पहिलं विणकाम कच्चं असतं, घाईचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. वेळ मिळाला, शांतता मिळाली, तर त्याचंच पक्कं हाड होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी होत होतो. केसभर हललं तर ते धागे सोसतात. त्याहून जास्त हललं की तुटतात.

आषाढ पौर्णिमा आली आणि वर्षावास सुरू झाला. भिक्खूंनी पावसाळाभर एका जागी थांबायचा तो काळ. गावोगावच्या विहारांत तेवढे महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. झरीच्या विहारात तो सुकेशनी वाचायची. ड्यूटी उतरून, खाकी साडी बदलून, केसांवर जिंतूर रोडची धूळ तशीच घेऊन ती वाचायला बसायची. बापाचा आवाज तिच्या गळ्यातून निघायचा. पावसात पत्रा वाजायला लागला तरी शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू जायचं. ते तिचं होतं. गाडी गेली होती, निदान ते तिला हवं होतं.

धम्मदीपनं तिच्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची आणून मूर्तीशेजारी ठेवली. विहार जुनं, छत बुटकं, मूर्तीचा कट्टा गुडघ्याएवढा. खुर्चीवर बसलं की माणसाचं डोकं मूर्तीच्या वर जायचं.

भगवानराव पुढं आले. तिचे चुलत सासरे. विहाराचं सगळं तेच बघायचे, आणि खोटं कशाला बोलू, विटा वाहून ते विहार उभंही त्यांनीच केलं होतं.

"सुकेशनी, ती खुर्ची मागं घ्या बरं."

"मामा, डाक्टरनी खाली बसू नगं म्हणून सांगितलंय."

"मग मागं बस की. आमच्या गुडघ्यावाल्या म्हाताऱ्या बसतात तशी, भितीला. कोण नगं म्हणायलंय? पण वाचणारं माणूस बुद्धाच्या डोईवर बसून वाचायलंय, ही कुठली पद्धत?"

बायकांतून एकजण बोलली, "एसटीत सीट भेटंना म्हणून हितं धरली का काय बाई!"

विहार हसलं. सुकेशनीही हसली. तिचं हसणं मांडीपर्यंत पोचलं नाही. मला माहीत आहे, मी तिथंच होतो.

संघप्रिया उठली. "आबा, मूर्तीच उचलून वर ठेवा की मग. ती काय उठून भांडणारंय?"

"तू गप गं. कॉलेजात गेली तर आता आम्हाला शिकवायली का?"

"मी न्हाई शिकवायले. डॉक्टर सांगायलेत. आईचं हाड..."

"आगं, एक घंटा बसल्यानं काय हाड वितळतंय का? तुझी आजी बाळंतीण झाली अन् तिसऱ्या दिवशी कापूस येचायला गेली. तवा कुठं व्हते तुमचे डाक्टर?"

"आजी किती वर्षं जगली आबा?"

मग भगवानराव हळू आवाजात म्हणाले, "हे बघ सुकेशनी, तुला जमत नसंल तर आवंदा दुसरं कुणी वाचंल. त्यात काय एवढं?"

हेच ते वाक्य. तिनं वॉकर मुलीच्या हातात दिला.

"आई, नगं."

"संघे, गप बस. सगळे बघायलेत."

ती खाली बसली. तिला कुणी ढकललं नाही, तेही सांगून टाकतो. पण वाचायला तिच्यासाठी दुसरी जागाही कुणी ठेवली नव्हती, आणि सगळे बघत होते. मांडी घालताना तिचा पाय बाहेर वळला आणि मी आत पिळलो गेलो. वर, जिथं मी रुंद आहे आणि जिथं सगळ्यात जास्त धागे आले होते, तिथं ते तुटले. त्यांचा आवाज होत नाही. झाला असता तर बरं झालं असतं. पत्र्यावरच्या पावसात मग निदान एखाद्याला तरी ऐकू गेला असता.

वाचून झाल्यावर ती उठली, हातानं जमीन रेटून, सगळं वजन एका अंगावर घेऊन. तेव्हा मी दुसऱ्यांदा पिळलो. आणि माणसं म्हणाली, "बघा, बसली की नाही? उगंच भ्यायचं."

एकदाच झालं असतं तर हाडानं विसरलं असतं. हाड फार सोशिक असतं. पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बसणं, तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. दिवसभर पेशी विणायच्या, दिवेलागणीला मी हलायचो, विणलेलं तुटायचं. रोज सुतळी सोडून बघितलेलं ते कलम होतं. संघप्रियानं घरी भांडणं काढली, एकदा वॉकर लपवला, तर आई भिंत धरून गेली. हळूहळू माझ्या वरच्या बाजूला हाडाचं येणं थांबलं. हाडाऐवजी तिथं चिवट तंतूंची एक गादी धरली. हाड जेव्हा कंटाळतं, तेव्हा ते गादी पाठवतं. गादी धरत नाही. ती फक्त मधे राहते. खाली, निमुळत्या भागात, जिथं हालचाल कमी पोचायची, तिथं हाडानं मला सोडलं नाही. तिथं ते विणत राहिलं, हट्टानं.

अर्धा मी तिचा झालो. अर्धा परका राहिलो.

मित्रांनो, मूर्तीला राग आला असता का? मला विचारा. मी धातू आहे, मूर्ती पितळेची होती, आम्ही एका जातकुळीतले. आम्हाला राग येत नाही. राग माणसांना येतो आणि तो मूर्तीच्या नावावर खपवला जातो. ज्यानं डोळे उघडून बघायला सांगितलं, त्याच्यासमोर बसून माणसांनी डोळे मिटले. दुसऱ्यांच्या देवळातल्या रूढींना हसणारी ही माणसं. स्वतःच्या घरात एक प्लास्टिकची खुर्ची त्यांना सोसली नाही.

दिवाळीत डॉक्टर नागेशनी हाडाचा फोटो काढला. माझ्या वरच्या अर्ध्याला लागून एक बारीक काळी रेघ दिसत होती. माझ्या आणि हाडाच्या मधली ती रेघ.

"खाली बसत होतात का?"

"न्हाई सर."

संघप्रिया फरशीकडं बघत राहिली. डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले. मग ते म्हणाले, "खाली धरलंय. वर धरंना. थोडं थांबून बघू. दुखतंय का?"

"मांडीत. पाऊल टाकलं की."

"हलायलंय ते. फार दुखलं तर काढून दुसरं बसवावं लागंल."

"पुन्हा कापायचं? नगं सर."

डेपोनं तिला गाडीवर घेतलं नाही. बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसवलं. बसून करायचं काम, त्यात वाईट काही नव्हतं. पण खिडकी फलाटासमोर होती. तिच्यासमोरून गाड्या निघायच्या आणि प्रत्येक गाडी निघताना टण टण. प्रत्येक वेळी तिच्या मांडीचा स्नायू आखडायचा, खड्ड्यासाठी तयार व्हायचा. मला ते कळायचं. खड्डा येत नसे.

माणिकराव कधीमधी खिडकीशी यायचा. "ताई, तुमच्याबिगर गाडी लय गप झाली बगा. नवा पोरगा घंटी अशी वाजवतोय, जशी झोपलेल्या सासऱ्याला उठवायलाय."

"येते की मी. जरा हे धरू द्या."

"कवा धरंल?"

"धरायलंय हळूहळू," ती म्हणायची.

खिडकी ते फलाट एवढं चाललं तरी मांडीत कळ यायची. एक दिवस तिनं पर्समधून पुडी काढली. तीच पुडी. ज्या पुडीनं पहिला गोळा मारला, ती पुडी आता माझ्या दुखण्यावर. घरात कुणाला सांगितलं नाही. मी तिच्या रक्तातून ती येताना ओळखली. ज्याच्या जागेवर मी बसलो होतो, त्याला मारणारा पुन्हा दारात उभा होता आणि मला तोंड नव्हतं. तो गोळा पिवळ्या पिशवीतून उठून माझ्याशेजारी येऊन बसल्यासारखा वाटायचा. काही बोलायचा नाही. नुसता बसायचा, एका बाजूनं चेपलेला.

काही वर्षं अशी गेली. मग तिचे पाय सुजले. तोंड सुजलं. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. पुडीत स्टेरॉइडबरोबर दुखणं मारणाऱ्या गोळ्याही कुटून घातलेल्या होत्या, ते तेव्हा कळलं. बाजारातला माणूस तोवर दुसऱ्या बाजारात चटई टाकून बसला होता. आजही कुठल्यातरी बाजारात तसाच एक बसलेला असेल, जाऊन बघा.

रक्त धुवायला ती परभणीला जायची, माणिकरावच्याच गाडीनं. आता ती प्रवासी. जिंतूरकडून येणारी गाडी झरीला थांबायची, माणिकराव स्वतः उतरून तिला हात द्यायचा. नवा कंडक्टर घंटी द्यायचा. टण टण. एकदा घंटी झाली आणि तिचा हात आपोआप वर गेला. जिथं दोरी असायची तिथं. बोटं मिटली. हातात काही नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय पायजे का बाई?"

"न्हाई," ती म्हणाली. "सवय हाय."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

आग काय करते ते मी पाहिलं आहे. ती खोटं ठेवत नाही. माझ्या वरच्या अर्ध्यावरची ती चिवट गादी तिनं पहिल्या झटक्यात खाल्ली. तिथं मी कोरा झालो, जसा डब्यातून निघालो होतो. खालच्या अर्ध्यावर मात्र हाड होतं. ते जळून पांढरं झालं, खडूसारखं झालं, पण माझ्या छिद्रांत त्याची मुळं होती. ते पडलं नाही.

म्हणून भगवानराव काठीनं ढोसून "फेका बाभळीत" म्हणाले, तेव्हा संघप्रिया खाली वाकली. तिनं मला उचललं. मी अजून कोमट होतो. तिनं फुंकर मारून राख उडवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"लोखंड न्हाई हे," ती म्हणाली. "ह्यात आई हाय."

बाकीच्या अस्थी तिनं आणि धम्मदीपनं घराच्या परसात लिंबाच्या रोपाखाली ठेवल्या. मला ठेवलं नाही. मला ओढणीत गुंडाळून ती पुण्यानुमोदनाच्या, गेलेल्या माणसाला आठवायच्या दिवशी विहारात आली. अख्खा गाव होता. वंदना झाली. माणसं बोलली. सुकेशनीताई किती गोड वाचायच्या, दुखणं असून कधी चुकल्या नाहीत, अशी श्रद्धा आता कुठं भेटते. भगवानरावही बोलले. म्हणाले, "लेक व्हती आमची. शेवटपर्यंत खाली बसून वाचलं तिनं. खुर्ची मागितली न्हाई."

धम्मदीपनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

संघप्रियानं ओढणी सोडली आणि मला पहिल्या ओळीतल्या बाईच्या हातात दिलं. एसटीतल्या सीटचा टोमणा मारलेली तीच बाई. तिनं मला पाहिलं आणि पटकन पुढं सरकवलं. मी हातोहात फिरलो. कुणी हुंगलं, कुणी कपाळाला लावलं, एका पोरानं "जड हाय की" म्हटलं आणि आईचा फटका खाल्ला. शेवटी मी भगवानरावांच्या हातात आलो. त्यांनी चष्मा वर केला. वरचा कोरा धातू पाहिला. खालचं पांढरं पाहिलं.

"राख चिकटलीय," ते म्हणाले.

"राख असंल तर काढा आबा."

त्यांनी अंगठ्याच्या नखानं खरवडलं. निघालं नाही. त्यांनी जोर लावला. विटा वाहिलेला माणूस, नखं अजून दगडासारखी. नख घसरलं. हाड हललं नाही.

"ते हाड हाय आबा," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. आजाचा, आईचा तोच आवाज, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "जिथं हलू दिलं न्हाई, तिथं असं धरलं. मेल्यावरबी सोडंना. वरबी असंच धरलं असतं."

पत्रा तापून कडकड करत होता.

भगवानरावांना मला खाली ठेवायचं होतं. ते वाकले, हात फरशीपर्यंत नेला आणि थांबले. फरशीवर ठेवायला त्यांचा हात धजेना. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग गुडघे धरून उठले, मागच्या भिंतीशी गेले, तिथली धूळ बसलेली लाल खुर्ची उचलली आणि पुढं आणून मूर्तीशेजारी ठेवली. धोतराच्या सोग्यानं पुसली. तिच्यावर मला ठेवलं.

मी मूर्तीच्या वर होतो.

मित्रांनो, मला जपू नका, मी टिकणारच आहे. तुमच्या घरात, गावात कुणाच्या तरी आत आत्ता काहीतरी जुळत असेल, तुम्हाला न दिसणारं. त्याला हलवू नका. त्याला बसायला खुर्ची द्या आणि तुम्ही गप बसा.

मी अजून तिथंच आहे, त्या खुर्चीवर. बाहेर जिंतूरची गाडी निघते, टण टण, आणि माझ्या अंगातलं ते मूठभर हाड खड्ड्यासाठी तयार होतं.